पिवळ्याचा सिनेमा

जगन्नाथभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसलाच नाही. चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता. माझ्या लग्नाची वरात कर्जतच्या बाजारातून चालली होती आणि वरातीच्या पुढे हा माणूस उलटा चालत होता. खांद्यावर रेकॉर्डरची जड पेटी, पेटीपासून कॅमेऱ्यापर्यंत गेलेली वायर, आणि पाठीमागे त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून चालणाऱ्या त्यांच्या पत्नी, लतावहिनी. वहिनी त्यांना बैलगाडीसारखं हाकत होत्या. "डावीकडं गटार हाय. आता सरळ. थांबा, कुत्रं झोपलंय." भाऊ न बघता थांबायचे, कुत्र्याला वळसा घालायचे आणि कॅमेरा जराही हलायचा नाही. नवरदेवापेक्षा लोक त्या दोघांकडेच जास्त बघत होते.

त्यांच्याकडे बघण्याचं दुसरंही एक कारण होतं. आदल्या दिवशी, मी आतल्या खोलीत हळदीला बसले असताना, ते आमच्या घरी आले होते आणि वडिलांना त्यांनी विचारलं होतं, "दादा, ही कॅसेट कोण बघणार हाय?" वडिलांना प्रश्नच कळला नाही. आम्हीच बघणार, आणखी कोण? भाऊंनी मान हलवली. "तुमी तर लग्नात असणारच. तुमाला सगळं ठावं हाय. जो लग्नात नाय तो बघणार. तो कोण ते सांगा." तेव्हा आईच्या तोंडून कडावच्या आत्याचं नाव निघालं. आत्या मांडीचं हाड मोडून अंथरुणावर होती आणि लग्नाला येता येणार नाही म्हणून रोज रडत होती. भाऊ म्हणाले, "मंग लगीन आत्याचं."

आमच्या लग्नाची कॅसेट म्हणूनच विचित्र आहे. मंगलाष्टकं थोडकीच आहेत. पण मांडवातली एकेक बाई कॅमेऱ्याजवळ येऊन आत्याशी बोलते आहे. कोणी नवं लुगडं दाखवते आहे, कोणी सुनेची कागाळी सांगते आहे. आत्याने ती कॅसेट पाहिली तेव्हा टीव्हीतल्या बायकांना ती उत्तरं देत होती, असं तिच्या मुलाने सांगितलं.

भाऊ मूळचे कडावचेच. घरी भातशेती, दोन म्हशी. लतावहिनींचा भाऊ दुबईला होता, त्याने तो कॅमेरा आणून दिला आणि सांगितलं, लग्नं करा, संसाराला हातभार लागेल. तेव्हापासून भाऊंनी खोपोलीच्या बाजारात एक खोली घेतली होती. मीही लग्नानंतर खोपोलीलाच आले. यजमान तिथल्या कारखान्यात होते आणि मला शाळेत मराठी शिकवायचं काम मिळालं. बाजारात दिसलो की भाऊ लांबूनच म्हणायचे, "काय बाई, आत्या काय म्हणते?"

त्या सुमाराला खोपोलीत व्हिडिओ गेमचं मशीन आलं. रफिकभाईंचं सायकलचं दुकान होतं. त्याच्या अर्ध्या भागात त्यांनी मुंबईहून आणलेलं एक उभं कपाट ठेवलं. त्याला काच, दांडा आणि एक लाल बटण. कपाटावरचं इंग्रजी नाव कधीच खरवडून गेलेलं होतं. काचेत एक पिवळ्या कपड्यांचा ठेंगू माणूस डोंगर चढायचा. वरून दगड गडगडत यायचे, मधे मोडका लाकडी पूल असायचा, गरुड झडप घालायचा. प्रत्येक नाण्याला माणसाला तीन जीव. तीन वेळा पडला की खेळ खलास. आमच्या डोक्यावर बोरघाट उभा असल्यामुळे त्या डोंगराला सगळे घाटच म्हणत आणि त्या माणसाचं नाव आपोआप पिवळ्या पडलं.

माझे काही विद्यार्थी तिथे जातात असं कानावर आल्यावर मी त्यांना धरायला गेले. दुकानात विद्यार्थी एकच होता. बाकीची गर्दी मोठ्यांची. कागदाच्या कारखान्यातला वामन दांड्यावर होता. वामन म्हणजे पिवळ्याचा राजा. शेलूहून यायचा, ड्यूटी संपली की सरळ घरी न जाता इथे उभा राहायचा. शेजारी भाजीची टोपली घेऊन बसणारी हिराबाई खेळत नसे, पण टोपली सोडून मागे येऊन उभी राही आणि "उडी मार रं, उडी मार" असं ओरडे. डोंगरातल्या वाडीवरून मोळ्या विकायला येणारा बुधादादा मोळी विकली गेली की एक खेळ खेळायचाच. मी त्या विद्यार्थ्याला घरी पाठवलं आणि जरा वेळ थांबले. मग वामनने सरकून जागा दिली. पदर खोचून मी दांडा हातात घेतला, आणि पहिल्याच दगडाखाली पिवळ्याला चिरडून टाकलं.

"पहिल्यांदा सगळ्यांचा मरतो, बाई," मागून भाऊंचा आवाज आला. ते कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते स्वतः कधी फारसे खेळत नसत. खेळणाऱ्यांची तोंडं बघत बसत.

पावसाळ्यात लग्नं नसतात. कॅमेरा गोधडीत गुंडाळून ठेवलेला, आणि भाऊ रिकामे. अशाच एका संध्याकाळी रफिकभाईंच्या दुकानात त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी पिवळ्याचा सिनेमा काढणार हाय. कॅमेऱ्यावर. दिवाळीला हॉलमधी दाखवीन."

 मग सगळे एकदम बोलायला लागले. रफिकभाईंनी सगळ्यांना चहा पाजला. त्या दिवशी खोपोलीत त्या दुकानाइतका आनंद दुसरीकडे कुठे नसेल. दुसऱ्या दिवसापासून अटी सुरू झाल्या.

वामन तर पाठच सोडीना. "दगुड तीन येतात, मंग जरा थांबतात, मंग दोन. हे चुकता कामा नाय. गरुड डाव्या बाजूनं येतो. पडल्यावर टुईं वाजतं, ते वाजायलाच पायजे." हिराबाईला सिनेमात गाणं हवं होतं. कोणाला मारामारी हवी होती, तर कोणी बजावून गेलं की मारामारी घातलीत तर आम्ही उठून जाऊ. रफिकभाईंचं एकच म्हणणं होतं, "भाऊ, मशीन तो दिखाओ. दुकान पण दिसू दे."

भाऊंनी मला बोलावून घेतलं. मी मराठीची बाई, तर गोष्ट मी लिहायची. मी म्हटलं, "अहो, पण यात गोष्ट कुठे आहे? माणूस चढतो आणि पडतो. वर पोचला की पुन्हा पहिल्यापासून खेळ चालू होतो, नुसता जोरात. तो वर कशाला चाललाय, तेच कोणाला माहीत नाही."

"तेच इचारत फिरू," भाऊ म्हणाले.

आणि खरोखरच आम्ही विचारत फिरलो. भाजीच्या टोपलीपाशी, कारखान्याच्या फाटकाशी, चहाच्या गाड्यावर. भाऊ बोटभर विडी पेटवायचे आणि विचारायचे, "पिवळ्या वर कशाला चाललाय?" हिराबाईला अजिबात विचार करावा लागला नाही. "लेक दिली असंल घाटावर. तिला बघाया चाललाय." बुधादादा म्हणाला, "मधासाठी. कड्यावर पोळं असतं. उगाच कोण चढंल?" चहावाल्याला वाटायचं पिवळ्याचं वर काही काम नाही, बायकोशी भांडून निघालाय. वामन मात्र रागावलाच. "कारण कशाला पायजे? चढायचं म्हंजे चढायचं. कारण घातलंत तर पिवळ्याची वाट लागंल."

मी घरी येऊन डोकं धरून बसायची. यजमान म्हणायचे, "तू यात हीरॉईन आहेस का?" लतावहिनींना वेगळीच काळजी होती. "ह्येंनी सगळ्या गावाला हो म्हणून ठेवलंय," त्या मला म्हणाल्या. "फसलं तर लोक हसतील. हसं झालेल्या माणसाला लग्नाला कोण बोलावतं? आणि माझ्या भावानं कॅमेरा लग्नांसाठी दिलाय." त्यांचं चुकत नव्हतं. घाटाखालच्या गावांत भाऊंचं सगळं नाव त्या कॅमेऱ्यावर होतं.

मी शेवटी एक गोष्ट लिहिली. तिच्यात लेकही होती, मधही होता. भाऊंनी कर्जतच्या कॉलेजात नाटकात काम करणारा एक देखणा मुलगा आणला, त्याला पिवळा झगमगीत शर्ट शिवला आणि थोडं शूटिंग केलं. मुलगा फार छान पडायचा. पडताना केससुद्धा विस्कटायचे नाहीत. तेवढा तुकडा भाऊंनी रफिकभाईंच्या दुकानात टीव्ही लावून दाखवला.

 हिराबाईने पदर सावरला आणि टोपलीकडे निघून गेली. वामन टीव्हीकडे बघत म्हणाला, "हा आमचा पिवळ्या नाय."

"शर्टाचा रंग चुकला काय?" भाऊंनी विचारलं.

"रंगाचं काय नाय, भाऊ. मशीनमधी पिवळ्या पडतो तवा माझ्या पोटात गोळा येतो. हा पडला, मला कायच झालं नाय." वामन हे चिडून बोलला नाही. त्याचा चेहरा पडला होता, आणि तेच जास्त लागलं.

मला वाटलं भाऊ सिनेमा सोडून देतील. खरं सांगायचं तर मी मनातून सुटकेचा निःश्वासही सोडला. पण ते गेले नाहीत. स्टूल ओढून दुकानात बसून राहिले. मशीन पुन्हा सुरू झालं. वामनचा पिवळ्या मेला, वामन बाजूला झाला आणि बुधादादा दांड्याशी आला. बुधादादाचा मेला, मग एक ट्रकवाला आला. रफिकभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं तेव्हा भाऊ उठले आणि माझ्या घरी आले. यजमानांनी दार उघडलं. भाऊ उंबऱ्यातूनच म्हणाले, "बाई, पिवळ्या एक माणूस नायच. एक पडला की दुसरा उठतो, तो निराळा. वामन पडंल, हिराबाई उठंल. हिराबाई पडंल, बुधा उठंल. सदरा तोच."

मी म्हटलं, "आणि गोष्ट?"

"गोष्ट फाडून टाका. वाईट वाटून घेऊ नका."

मला मुळीच वाईट वाटलं नाही.

सदरा लतावहिनींनी शिवला. जाड कापडाचा, पिवळ्या रंगात बुडवलेला, आणि इतका ऐसपैस की वामनच्या अंगात तो पोत्यासारखा दिसायचा आणि ट्रकवाल्याच्या पोटावर ताणून बसायचा. नवरात्र संपलं, पाऊस उघडला, आणि एका रविवारी आम्ही सगळे खोपोलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याच्या उतारावर जमलो. बाजूने वीजघराचे मोठाले पाइप डोंगरावरून खाली आलेले. गवत गुडघाभर. दगड म्हणजे गोणपाटात भरलेला पेंढा, वरून काळा रंग. पेंढा कडावहून भाऊंच्याच खळ्यातला. पूल म्हणजे ओढ्यावर टाकलेल्या फळ्या, आणि गरुड म्हणजे बांबूला बांधलेलं काळं घोंगडं.

वामनने वरच्या टोकाला ठाण मांडलं. तो स्वतः चढला ती वेळ सोडली, तर दगड सोडायचं काम त्याने दुसऱ्या कोणाला करूच दिलं नाही. तीन सोडायचा, थांबायचा, मग दोन. खालून भाऊ ओरडायचे, "सोड रं," आणि वरून उत्तर यायचं, "अजून वेळ नाय झाली." हिराबाईने नऊवारी लुगड्यावर तो सदरा चढवला, काष्टा आवळला आणि पहिल्याच झटक्यात पेंढ्याच्या दगडावरून अशी उडी मारली की भाऊ कॅमेरा चालू करायचंच विसरले. तिला परत उडी मारायला सांगायची कोणाची छाती होईना. शेवटी तीच म्हणाली, "मारते की परत, त्यात काय." बुधादादाची निराळीच अडचण झाली. त्याला पडताच येईना. लहानपणापासून ते डोंगर पायाखालचे, पाय घसरायचाच नाही. भाऊंनी काकुळतीला येऊन सांगितलं, "दादा, जरा पड ना." बुधादादा बिचारा हळूच खाली बसायचा आणि आडवा व्हायचा. सगळे हसून हसून बेजार. एक दगड भरकटत खाली गेला, तिथे चरणाऱ्या म्हशीने तो फोडला आणि खाऊन टाकला. वामनने त्या म्हशीला असं झापलं, जणू तिने नियम मोडला होता.

मीही चढले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून, धापा टाकत. दगड आला, मी किंचाळले आणि खरोखरच पडले. त्यात अभिनयाचा काही भाग नव्हता. यजमान म्हणाले, तुझंच काम सगळ्यांत चांगलं झालं.

असे दोन-तीन रविवार गेले. कोण कुठे पडतो आणि कोण उठतो, हे सगळं ठरलं होतं. ठरला नव्हता तो शेवट. वर पोचल्यावर काय? आम्ही विचारलं की भाऊ म्हणायचे, "होईल, होईल." शेवटच्या रविवारीही त्यांनी वर काही शूट केलं नाही. सामान आवरलं आणि म्हणाले, "झालं." वामन परतताना वाटभर माझ्याशी भांडत होता, जणू शेवट मी दडवून ठेवला होता. "वर काय नसलं ना बाई, तर लोक खुर्च्या मोडतील. मी बी मोडीन."

दिवाळीत हॉल भरला. कर्जतहून माणसं आली, कडावची भाऊंची सगळी भावकी आली. वाडीवरची माणसं पुढे सतरंजीवर बसली. दोन टीव्ही उंच टेबलांवर ठेवले होते. लतावहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांना आत बसवतच नव्हतं. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

सिनेमा सुरू झाला. मशीनचा टुंग टुंग आवाज भाऊंनी रफिकभाईंच्या दुकानात जाऊन भरून आणला होता. दुकानही दिसलं, रफिकभाई खुर्चीत ताठ झाले. मग उतार, गवत, आणि पिवळ्या सदऱ्यातला ट्रकवाला. पहिले तीन दगड आले. मग थांबले. मग दोन. मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर." ट्रकवाला पडला, टुईं वाजलं, आणि त्याच जागी तोच सदरा घालून हिराबाई उठली. हॉल असा उसळला की पुढचे दोन दगड कोणाला दिसलेच नाहीत. त्यानंतर प्रत्येक जण पडला की लोक श्वास रोखायचे, आता कोण उठतंय म्हणून. बुधादादा आडवा झाला तेव्हा सतरंजीवरची सगळी पोरंबाळं त्याच्यासारखीच हळूच आडवी झाली. मी पडले तेव्हा माझे विद्यार्थी उभे राहिले.

शेवटचा पिवळ्या वामन होता. तो गरुड चुकवून, पूल ओलांडून शेवटच्या चढणीला लागला आणि पोरं सरकत टीव्हीजवळ गेली. माझ्याच पोटात गोळा आला. पुढे काय आहे, मला माहीत नव्हतं.

वर माथ्यावर आम्ही सगळे बसलो होतो. आधी पडलेले सगळे. एका रविवारी दुपारी आम्ही डबे उघडून गोल करून जेवत होतो आणि भाऊ पाणी आणायला म्हणून बाजूला गेले होते. ते पाणी आणायला गेलेच नव्हते, झुडपाआड कॅमेरा लावून बसले होते. हिराबाई भाकरी मोडत होती, बुधादादा पळसाच्या पानावर चटणी वाढत होता, माझ्या यजमानांनी माझ्या डब्यातलं लोणचं पळवलेलं सगळ्या गावाने पाहिलं. आणि मग आपली चढण संपवून, दगड गोळा करून उशिरा आलेला वामन, घामाघूम, अंगात तोच सदरा, तिथे येऊन उभा राहिला. ट्रकवाल्याने वर न बघताच म्हटलं होतं, "सरका रं जरा, याला बसू द्या." आम्ही सरकलो. वामन बसला. हिराबाईने त्याच्या हातात भाकरी दिली. सिनेमा संपला.

 टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. हिराबाई पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "ती भाकर माझीच हां." लतावहिनींनी माझा हात सोडला आणि आत जाऊन अगदी पुढच्या रांगेत बसल्या. भाऊ भिंतीला टेकून नेहमीप्रमाणे लोकांची तोंडं बघत होते. सगळ्यांच्या नजरा वामनकडे वळल्या. तो मान खाली घालून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "पुलानंतर गरुड एकदा कमी आला." आणि मग, "परत लावा."

त्या दिवशी तो सिनेमा तीनदा लागला. त्यानंतर लग्नसराईत भाऊंना इतकी बोलावणी आली की लतावहिनींचा हात त्यांच्या सदऱ्याला धरून धरून दुखायला लागला.

दोनेक वर्षांनी यजमानांची बदली झाली. आमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं, भाऊ सकाळपासून मदतीला आले होते. मोठी लोखंडी ट्रंक एका बाजूने त्यांनी धरली होती, दुसऱ्या बाजूने मी. तेवढ्यात वामन सायकल मारत आला. रफिकभाईंनी जुनं मशीन देऊन नवं आणलं होतं. खेळ तोच, पिवळ्याचाच, पण कंपनीने आता त्याला शेवट जोडला होता. वामनने रात्रपाळीवरून येऊन थेट तिथे जाऊन तो गाठला होता, खोपोलीत सगळ्यांच्या आधी. मला वाटलं आनंद सांगायला आलाय. त्याचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"चुकवलं, भाऊ," तो म्हणाला. "वर सोन्याची पेटी ठेवलीय. पिवळ्या तिच्यापाशी एकटाच उभा राहतो. कोणच नाय तिथं. ना भाकर, ना काय. हिराबाईनं बघितलं, ती बी म्हणाली हा आपला पिवळ्या नाय."

भाऊंनी ट्रंक खाली ठेवली. आधी ते गालातल्या गालात हसले, मग इतके हसले की त्यांना ट्रंकेवर बसावं लागलं. डोळे पुसत ते वामनला म्हणाले, "त्यांना नको रं बोल लावू. ते कुठं आपल्यासंगं जेवाया बसले होते?"

 वामनला ते पटलेलं दिसलं. त्याने सायकल भिंतीला लावली आणि माझ्या हातातली ट्रंकेची कडी स्वतःच्या हातात घेतली.